दोन थाऊ

जांबोटीच्या पहिल्या गाडीनं लुमाण्णा आला
उद्यमबागेत, खांद्यावर युरियाचं पोतं,
पोत्यात बापाचं हातयंत्र:
एक दांडा, एक दट्ट्या, बिडाचं बूड.
रिकामं काडतूस पुन्हा उभं करणारं.

'वाकडं बसालंय बघ की,' म्हणाला,
आणि खिशातली तीन पोकळ नळकांडी
माझ्या लेथच्या कडेला ओळीत मांडली.
तिघांच्याही काठाला एकाच बाजूला सुरकुती,
सख्ख्या भावांचं नाक असावं तशी.

मी आधी विचारलं, दारू आणली नाहीस ना?
लुमाण्णा हसला. दोन्ही अर्थ त्याला ठाऊक.
'ती घरात, कुलपात. तुझी?'
माझी सुटून आषाढात तीन वर्षं झाली.
हाताला अजून ते पुरतं पटलेलं नाही;
नऊ वाजेपर्यंत मी मायक्रोमीटर धरत नाही.

चहा झाला. दांडा हलवून बघितला.
खिळीचं भोक झिजून अंड्यासारखं,
आणि झीज सगळी उजवीकडे.
'बाप डावखुरा होता काय रे?'
लुमाण्णा गप्प झाला.
सोळा वर्षांत कुणी बापाची
एवढी बारीक चौकशी केली नव्हती.

भोक बोअर केलं, गनमेटलचा बुश ठोकला.
नावात बंदूक वागवणारा हा धातू
मी जन्मभर पंपांत घातला, उसाच्या चरकात घातला.
बंदुकीच्या घरी तो आज पहिल्यांदा निघाला.
डायल लावला. काटा जागचा हलेना.
मजुरी म्हणून लुमाण्णानं मध ठेवला, अर्धी बाटली,
बाटलीवरचं लेबल मात्र जुन्या धंद्याचं.

आठ दिवसांनी फोन. 'परत वाकडं.'
किती?
'तुझ्या भाषेत दोन थाऊ.
डुकराच्या भाषेत अर्धं शेत.'

रविवारी गेलो. पडवीत फणसाचा बाक,
बाकावर यंत्र, बोल्ट घट्ट, बुश तसाच नवा.
दांडा ओढला की बाकच डुलतो,
एक पाय आखूड, खाली कागदाची घडी,
दर ओढीला चेपणारी.
यंत्रात काहीच नव्हतं.
आठवडाभर मी उगाच स्वतःच्या हाताला बोललो.

घडी काढली, उलगडली. आठ पदरी, जाड, शिक्का मारलेली.
'कानडीत होती,' लुमाण्णा म्हणाला,
'सरकारी कागद मजबूत असतोय, म्हणून घातली.'
मी कानडी शाळेत शिकलो नाही.
फौंड्रीतल्या बसवणेप्पानं शिकवली,
आधी शिव्या, मग आकडे, मग पंपाच्या पावत्या.
बोट ठेवून वाचत गेलो.
'परवानगी' हा शब्द दोन्हीकडे एकच आहे,
तिथं थांबलो.

लायसनची मुदत. शेवटची तारीख पंधरा.
न जमल्यास बंदूक ठाण्यात जमा करावी.
आज सतरा.

लुमाण्णा आत गेला, धोतरात गुंडाळलेली बाहेर घेऊन आला,
पडवीच्या खांबाला टेकवली
आणि तिच्याकडे पाठ करून बसला.
मी गाडीतून पत्र्याचा तुकडा आणला, कानशीनं कड मारली,
बाकाच्या पायाखाली सरकवला.
बाक उभा राहिला.
त्यानं दांडा ओढला, नुसताच, आत काही न ठेवता.
आवाज नाही, खेळ नाही, लोण्यातून सुरी.
'आता बरोबर चालालंय,' म्हणाला,
यंत्राला की मला, कळलं नाही.

रात्री भाताकडून ओला चबढब आवाज आला.
आम्ही दोघं बांधावर तेलाचे रिकामे डबे बडवत,
तो डाव्या हातानं, हे मला तेव्हा दिसलं.
मधेच थांबून म्हणाला, 'उद्या खानापूरला तू चल.
दोनच दिवस की रे. साहेबाला काय म्हणायचं कानडीत?'

बसवणेप्पानं हे वाक्य शिकवलं नव्हतं.
मी डबा बडवत राहिलो,
जुळवत.